सी भाषेतील मल्टिमीडिया लायब्ररीसाठी पायथन आणि लुआची बाइंडिंग्ज : आराखड्याविषयी चर्चा

शून्यापासून (धागाकर्ता)

आमची सी भाषेत लिहिलेली एक मध्यम आकाराची लायब्ररी आहे. ती व्हिडिओ डिकोड करते, आवाजाचे अनेक प्रवाह एकत्र मिसळते आणि चित्र खिडकीत दाखवते. तिच्या पोटात डिकोडिंगसाठी एफएफएमपेग आणि खिडकी, इनपुट व आवाजासाठी एसडीएल आहे. बाहेर उघड केलेली फंक्शने सुमारे दीडशे आहेत. ज्यांना सी लिहायचे नाही त्यांना ती स्क्रिप्टमधून वापरता यावी, म्हणून आधी पायथनचे आणि नंतर लुआचे बाइंडिंग, म्हणजे त्या भाषेतून सी फंक्शने बोलावता येतील असा जोडथर, करायचे ठरले आहे.

माझा प्राथमिक कल सीटाइप्सकडे, म्हणजे पायथनमधून सी फंक्शने थेट बोलावणाऱ्या मॉड्यूलकडे आहे. ते पायथन २.५ पासून, म्हणजे २००६ पासून पायथनसोबतच येते, वेगळा कंपायलर लागत नाही आणि सगळे काम पायथनमध्येच उरकते. मात्र तीन बाबतींत निर्णय होत नाही. दीडशे फंक्शनांच्या घोषणा हाताने लिहाव्यात की हेडर फाइल (सी मधील घोषणांची फाइल) वाचून आपोआप तयार कराव्यात? आवाजाचा कॉलबॅक, म्हणजे पुढचा आवाज हवा असताना लायब्ररी स्वतः बोलावते ते फंक्शन, स्क्रिप्टमध्ये लिहू द्यावा का? आणि डिकोड झालेली फ्रेम नमपाय या पायथनच्या गणनाच्या लायब्ररीच्या अ‍ॅरेमध्ये कॉपी न करता देता येईल का? ज्यांनी अशी कामे केली आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उलटा_स्लॅश

सीटाइप्सने काम होते, यात शंका नाही. एसडीएलचे बाइंडिंग पायएसडीएल२ त्यावरच उभे आहे आणि व्हीएलसी प्लेअरमागच्या लिबव्हीएलसी लायब्ररीचे पायथन मॉड्यूल तर हेडर फाइली वाचून सीटाइप्सचा कोड आपोआप तयार करते. तरीही तुम्ही त्याच्या ज्या गुणावर भर देत आहात, म्हणजे कंपायलर न लागणे, तोच त्याचा मोठा दोष आहे, असे माझे मत आहे. कंपायलर मध्ये नसल्यामुळे तुमची घोषणा आणि खरे फंक्शन जुळते की नाही हे कोणीच तपासत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा तुमचे प्लेअर उघडणारे फंक्शन पॉइंटर (मेमरीतील पत्ता) परत करते आणि तुम्ही त्याचा परतीचा प्रकार सांगायला विसरलात. सीटाइप्स तो साधा इंट आहे असे गृहीत धरते. ६४ बिट संगणकावर पत्त्याचे वरचे ३२ बिट गळून पडतात आणि हातात एक निरुपद्रवी दिसणारी संख्या उरते. पत्ता सुदैवाने पहिल्या चार जीबीच्या आत, त्यातही इंटच्या मर्यादेत असेल, तर सगळे सुरळीत चालते. नसेल तर पुढच्या एखाद्या भलत्याच फंक्शनमध्ये क्रॅश होतो. आर्ग्युमेंटांचे प्रकार सांगितले नाहीत तर हाच पॉइंटर आत पाठवतानाही पुन्हा कापला जातो. त्यामुळे ही चूक एका यंत्रावर कधीच दिसत नाही आणि दुसऱ्यावर पहिल्या मिनिटाला दिसते.

दुसरी अडचण मॅक्रोंची, म्हणजे कंपाइल होताना दुसऱ्या कोडने बदलल्या जाणाऱ्या नावांची आहे. एसडीएल २ मध्ये बीएमपी चित्र उघडण्याचे जे नेहमीचे नाव आहे ते फंक्शन नसून मॅक्रो आहे. तयार झालेल्या लायब्ररी फाइलमध्ये ते नाव सापडतच नाही, म्हणून बाइंडिंग करणाऱ्याला त्यामागची दोन खरी फंक्शने शोधून हाताने जोडावी लागतात. तिसरी अडचण स्ट्रक्टच्या, म्हणजे अनेक फील्डे एकत्र ठेवणाऱ्या सी रचनेच्या, मांडणीची. एफएफएमपेगच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे की एव्हीफ्रेम या फ्रेमच्या स्ट्रक्टचा आकार हा सार्वजनिक एबीआयचा (तयार लायब्ररीशी जुळण्याच्या कराराचा) भाग नाही आणि शेवटी नवी फील्डे कधीही जोडली जाऊ शकतात. ज्याने पायथनमध्ये तो स्ट्रक्ट उतरवून स्वतःच तेवढी मेमरी राखून ठेवली, त्याचे बाइंडिंग पुढच्या आवृत्तीत शेजारच्या मेमरीवर लिहू लागते. ती फ्रेम लायब्ररीच्याच वाटप फंक्शनकडून घेणे हा एकच सुरक्षित मार्ग आहे.

म्हणून सीएफएफआय हे पायथनमधून सी बोलावण्याचे दुसरे साधन घ्यावे आणि तेही त्याच्या एपीआय पद्धतीत, म्हणजे सी कंपायलर वापरून. त्यात तुम्ही घोषणा लिहिता, पण आकार आणि ऑफसेट प्रत्यक्ष कंपायलरला विचारले जातात, मॅक्रोही नेहमीच्या फंक्शनासारखे वापरता येतात आणि घोषणा चुकली तर बिल्ड करतानाच कळते. कंपायलर तुमच्याकडे लागतो, वापरणाऱ्याकडे नाही.

मंद्रसप्तक

मी फक्त आवाजाच्या कॉलबॅकविषयी लिहितो, कारण स्क्रिप्टिंगच्या बाइंडिंगमध्ये सगळ्यात जास्त भाबडेपणा इथेच दिसतो.

हिशोब असा आहे. आवाज ४८,००० हर्ट्झचा असेल आणि बफर २५६ नमुन्यांचा असेल, तर तो भरून देण्यासाठी तुमच्याकडे सुमारे ५.३ मिलिसेकंद असतात. हा कॉलबॅक तुमच्या मुख्य थ्रेडवर येत नाही. ऑडिओ यंत्रणेच्या स्वतंत्र थ्रेडवर येतो. पायथनची एक ओळ चालवायची तरी त्या थ्रेडला आधी जीआयएल, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारे कुलूप, मिळवावे लागते. दुसरा थ्रेड त्या वेळी पायथनचा कोड चालवत असेल, तर पायथन त्याच्याकडून जीआयएल सोडवून घेण्याआधी ठरावीक काळ थांबते आणि तो काळ मूळ सेटिंगमध्ये ५ मिलिसेकंद असतो. म्हणजे तुमचा जवळजवळ सगळा वेळ दाराबाहेर ताटकळण्यातच संपतो. शिवाय तो दुसरा थ्रेड एखाद्या अशा सी फंक्शनमध्ये असेल की जे जीआयएल सोडतच नाही, तर प्रतीक्षेला मर्यादाच राहत नाही. श्रोत्याला याचे प्रत्यंतर टकटक आवाजाच्या रूपाने येते.

लुआमध्ये प्रकार वेगळा आहे, पण सौम्य मुळीच नाही. तिथे जीआयएलच नाही. एकाच स्टेटमध्ये (लुआच्या चालू प्रतीत) दोन थ्रेड एकाच वेळी शिरले तर मेमरी बिघडते, इतके सरळ आहे. लुआजिट या लुआच्या वेगवान रूपाच्या एफएफआयमध्ये, म्हणजे सी बोलावण्याच्या सोयीत, कॉलबॅक करता येतात, परंतु ते मंद असतात, त्यांची संख्या मर्यादित असते आणि परक्या थ्रेडवरून ते बोलावणे ग्राह्य नाही.

उपाय जुना आणि कंटाळवाणा आहे. लायब्ररीच्या सी बाजूला एक रिंग बफर, म्हणजे शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरला जाणारा बफर, ठेवावा. ऑडिओचा कॉलबॅक सी मध्येच राहील आणि त्या बफरमधून वाचेल. स्क्रिप्टने आपल्या सवडीने त्यात पुढचा आवाज भरत राहावे आणि बफर किती रिकामा आहे हे विचारता यावे. एसडीएलने २.०.४ मध्ये आवाज रांगेत ढकलण्याचे वेगळे फंक्शन दिले आणि एसडीएल ३ मध्ये तर ऑडिओ स्ट्रीम हाच मुख्य मार्ग केला.

आवाज संपला, फाइल उघडली, चूक झाली, अशा सूचनांसाठीही थेट कॉलबॅक देऊ नये. लिबव्हीएलसी वापरणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो : माध्यम संपल्याची सूचना देणाऱ्या कॉलबॅकमधूनच प्लेअर थांबवायला सांगितले की तो थ्रेड स्वतःच्याच समाप्तीची वाट पाहत बसतो आणि सगळे गोठते. सूचना रांगेत टाकाव्यात आणि स्क्रिप्टच्या मुख्य लूपने त्या उचलाव्यात. खिडकीच्या घटना तशाही मुख्य थ्रेडवरच हाताळाव्या लागतात, मॅकओएसवर तर त्याला पर्यायच नाही. तेव्हा एकच रांग दोन्हींना पुरेल.

शून्यापासून

हा हिशोब पटला. एक शंका राहते. पायथन ३.१३ पासून जीआयएल नसलेली बिल्ड मिळते. ती रूढ झाल्यावर आवाजाचा कॉलबॅक पायथनमध्ये लिहिणे शक्य होईल का? तसे असेल तर आत्ताच त्यासाठी जागा ठेवावी.

मंद्रसप्तक

जागा ठेवू नये, असे मला वाटते. जीआयएल गेले तरी नको असलेली मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर सगळ्या थ्रेडांना काही काळ थांबवतो, ऑब्जेक्ट तयार करताना मेमरी वाटप होते, आणि या दोन्हींपैकी कशालाच वेळेची हमी नाही. त्यातून, सी मध्ये लिहिलेले जे एक्स्टेन्शन मॉड्यूल आपण जीआयएलशिवाय चालू शकतो असे स्वतःहून जाहीर करत नाही, ते आयात होताच पायथन जीआयएल पुन्हा सुरू करते. वापरणाऱ्याने दुसरे एखादे जुने मॉड्यूल आयात केले की तुमचे गृहीतक कोसळले.

चौकट

फ्रेम कॉपी न करता देण्याच्या प्रश्नावर लिहितो. देता येते, देताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात आणि तिसरी बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

पहिली म्हणजे ओळीची लांबी. १३६६ पिक्सेल रुंदीची आरजीबी फ्रेम घ्या. एका ओळीत ४०९८ बाइट चित्र असते, पण मेमरीतली ओळ ३२ च्या पटीत नेली असेल तर ती ४१२८ बाइटांची होते. शेवटचे ३० बाइट केवळ भरतीचे असतात. बाइंडिंगने रुंदीला तीनने गुणून अ‍ॅरे बनवला, तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा दहा पिक्सेल सरकते आणि चित्र तिरपे फाटल्यासारखे दिसते. तिरपे चित्र दिसले की आधी हेच तपासावे. एफएफएमपेग ही लांबी लाइनसाइझ या फील्डमध्ये देते आणि नमपायला ती स्ट्राइड (एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचे अंतर) म्हणून जशीच्या तशी देता येते. चित्र उलटे साठवले असेल तर ही लांबी ऋण असू शकते, हेही धरून चालावे. ज्या रुंदीला भरती लागत नाही, उदाहरणार्थ १९२०, तिच्यावरच चाचणी घेतली तर दोष कधीच सापडणार नाही.

दुसरी गोष्ट आयुष्याची. अ‍ॅरे जिवंत असेपर्यंत फ्रेम जिवंत राहिली पाहिजे. त्यासाठी फ्रेमचा नवा संदर्भ घेऊन तो एका पायथन ऑब्जेक्टच्या ताब्यात द्यावा, त्या ऑब्जेक्टने बफर प्रोटोकॉल (मेमरी कॉपी न करता वाटण्याचा पायथनचा करार) पाळावा आणि अ‍ॅरेने त्या ऑब्जेक्टला धरून ठेवावे. अ‍ॅरे गेला की ऑब्जेक्ट जाईल आणि त्याबरोबर संदर्भ सुटेल. कच्चा पत्ता देऊन टाकणे आणि दस्तऐवजात “पुढची फ्रेम मागण्याआधी वापरून घ्या” असे लिहिणे याला मी बाइंडिंग म्हणणार नाही.

तिसरी गोष्ट लिहिण्याची परवानगी. डिकोडर काही फ्रेमा पुढच्या फ्रेमा रचण्यासाठी स्वतःकडेही धरून ठेवतो. स्क्रिप्टने तुमच्या कॉपी न केलेल्या अ‍ॅरेवर कोपऱ्यात वेळ छापली, तर ती वेळ डिकोडरच्या संदर्भ फ्रेममध्येही छापली जाते आणि पुढच्या अनेक फ्रेमांत तिचे ओघळ पसरत जातात, अगदी पुढची की-फ्रेम (आधीच्या फ्रेमांवर न विसंबणारी फ्रेम) येईपर्यंत. म्हणून विनाकॉपी अ‍ॅरे केवळ वाचनासाठीच उघडावा. ज्याला लिहायचे आहे त्याने स्पष्टपणे प्रत मागावी.

आता थोडे मतप्रदर्शन. १९२० गुणिले १०८० ची आरजीबी फ्रेम सुमारे ६२ लाख बाइटांची असते. सेकंदाला ६० फ्रेमा धरल्या तरी ३७ कोटी बाइट होतात आणि आजच्या संगणकाला एवढी नक्कल करणे जड नाही. वेळ खरा जातो तो पिक्सेलागणिक स्क्रिप्टमधून सी मध्ये ये-जा करण्यात. अशा एका फ्रेममध्ये वीस लाखांहून अधिक पिक्सेल आहेत. प्रत्येकासाठी एक कॉल केला तर कॉल कितीही स्वस्त असला तरी हिशोब हाताबाहेर जातो. तेव्हा मूळ वर्तन नक्कल देण्याचे ठेवा, विनाकॉपी मार्ग जाणत्यांसाठी वेगळ्या नावाने ठेवा, आणि तुमच्या दीडशे फंक्शनांत एकेका पिक्सेलवर किंवा नमुन्यावर काम करणारी जी असतील त्यांची संपूर्ण अ‍ॅरे घेणारी रूपे आधी तयार करा.

अर्धविराम

चूक कळवण्याच्या पद्धतीचा मुद्दा कोणी काढला नाही. एसडीएल २ मधील बहुसंख्य फंक्शने यशस्वी झाल्यास शून्य आणि फसल्यास ऋण संख्या देतात. एसडीएल ३ मध्ये तीच यशस्वी झाल्यास खरे आणि फसल्यास खोटे देतात. कच्चे पूर्णांक स्क्रिप्टपर्यंत पोहोचू दिले असतील तर आवृत्ती बदलताच लोकांच्या स्क्रिप्टमधील तपासण्या उलट्या होतात. फसलेले कॉल एक्सेप्शनमध्येच (भाषेच्या स्वतःच्या चूक-सूचनेतच) बदला. अपवाद एकच : डिकोडरने “आणखी पॅकेट दे”, म्हणजे एन्कोड केलेला पुढचा तुकडा दे, असे सांगितले तर ती चूक नव्हे. पॅकेट पाठवणे आणि फ्रेम घेणे ही दोन फंक्शने एका इटरेटरमागे (एकामागून एक फ्रेम देणाऱ्या वस्तूमागे) झाकली की वापरणाऱ्याला ते सांगावेही लागत नाही.

तिरकी_रेघ

दोन भाषा करायच्या असताना कोणी स्विग या बाइंडिंग तयार करणाऱ्या साधनाचे नावही घेऊ नये याचे आश्चर्य वाटते. १९९६ पासून ते याच कामासाठी उपलब्ध आहे. एक इंटरफेस फाइल लिहायची आणि त्यातून पायथन, लुआ, रुबी, पर्ल अशा हव्या त्या भाषेचा कोड काढायचा. इथे सुचवलेल्या पद्धतीने प्रत्येक भाषेसाठी दीडशे फंक्शनांचा रॅपर वेगळा लिहावा लागेल आणि लायब्ररी बदलली की सगळीकडे हात घालावा लागेल. हे दीर्घकाळ पेलणारे नाही.

उलटा_स्लॅश

स्विगचा आक्षेप अर्धा मान्य आहे. खालचा थर आपोआप तयार झाला पाहिजे, यावर दुमत नसावे. परंतु स्विगच्या मूळ रूपात बाहेर येणारे बाइंडिंग हे पायथनच्या वेषातले सी असते : उत्तर लिहून घेण्यासाठी पाठवायची आर्ग्युमेंटे, हाताने सोडायचे पॉइंटर, सगळे तसेच. ते सुधारायचे तर टाइपमॅप (प्रकार कसे बदलायचे याचे नियम) लिहावे लागतात आणि टाइपमॅप बहुतांशी त्या त्या भाषेपुरतेच असतात. म्हणजे श्रम वाचत नाहीत, फक्त अधिक अवघड ठिकाणी जातात.

मला जीस्ट्रीमर या मल्टिमीडिया लायब्ररीचा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. तिथे जीऑब्जेक्ट इंट्रोस्पेक्शन या बाइंडिंगसाठीच्या वर्णनपद्धतीकरता सी कोडमधील टिप्पणीतच प्रत्येक फंक्शनपुढे नोंद असते की परत मिळालेल्या वस्तूची मालकी बोलावणाऱ्याकडे आली की लायब्ररीकडेच राहिली, आणि कोणते आर्ग्युमेंट रिकामे चालते. त्या नोंदींवरून एक वर्णन फाइल तयार होते आणि कुठल्याही भाषेचे बाइंडिंग तीच वाचते. तुम्हाला पूर्ण जीऑब्जेक्ट आणण्याची गरज नाही. त्यातली कल्पना घ्या. धागाकर्त्यांचे भाग्य असे की लायब्ररी त्यांचीच आहे. इतरांना परक्या हेडरशी जुळवून घ्यावे लागते, तुम्ही हेडरच बदलू शकता. सगळे स्ट्रक्ट बंद हँडलमागे (आतले न दाखवणाऱ्या पॉइंटरमागे) लपवा, जिथे मॅक्रो आहेत तिथे खरी फंक्शने द्या, बदलत्या संख्येची आर्ग्युमेंटे घेणारी फंक्शने सार्वजनिक भागातून काढा, प्रत्येक कॉलबॅकसोबत वापरणाऱ्याचा एक पॉइंटर जाऊ द्या, आणि मालकीची नोंद प्रत्येक घोषणेशेजारी ठरावीक पद्धतीने लिहा. एवढे झाले की सीएफएफआयच्या घोषणा आणि लुआचा सी कोड एका छोट्या स्क्रिप्टने काढता येतो, आणि हाताने लिहायचा उरतो तो वरचा थर : इटरेटर, एक्सेप्शन, वस्तूंचे आयुष्य. बाइंडिंगचे निम्मे काम तुमच्या हेडरमध्येच आहे, पायथनमध्ये नाही.

तिरकी_रेघ

हेडर बदलण्याची मुभा असेल तर माझा आग्रह सैल होतो. बदलत्या आर्ग्युमेंटांच्या फंक्शनांविषयी पुस्ती जोडतो : अ‍ॅपलच्या एआरएम प्रोसेसरवर अशा फंक्शनांना आर्ग्युमेंटे पाठवण्याची पद्धतच वेगळी आहे, त्यामुळे इतरत्र निमूट चालणारा सीटाइप्सचा कॉल तिथे कचरा छापतो.

चौकट

लुआच्या बाबतीत आयुष्याचा प्रश्न अधिक बिकट आहे, म्हणून थोडे लिहितो. पायथनमध्ये संदर्भ मोजले जात असल्याने शेवटचा संदर्भ सुटताच वस्तू बहुधा लगेच जाते. लुआचा गार्बेज कलेक्टर स्वतःला दिसणाऱ्या मेमरीवरून धावायचे कधी ते ठरवतो. तुमची फ्रेम त्याला एका पॉइंटरएवढ्या युजरडेटासारखी (सी वस्तू धरणाऱ्या लुआ मूल्यासारखी) दिसते. मागची ६२ लाख बाइटांची मेमरी त्याच्या हिशोबात नसते. परिणामी लूपमध्ये शेकडो फ्रेमा साचतात, लुआ आपल्या मते काटकसरीने चाललेली असते आणि प्रोग्रॅम मात्र मेमरी संपून पडतो. फ्रेम सोडण्याचे स्पष्ट फंक्शन द्यावेच लागेल. लुआ ५.४ मध्ये आपोआप बंद होणारी चले आहेत, त्यांचाही आधार घ्यावा. लुआजिटवर ती मिळणार नाहीत.

दोन्ही भाषांना लागू असणारी गोष्ट म्हणजे नष्ट होण्याचा क्रम. एसडीएलमध्ये रेंडरर (चित्र काढणारी वस्तू) नष्ट केला की त्याची टेक्स्चरेही (त्याच्यासाठी तयार ठेवलेली चित्रेही) जातात. स्क्रिप्टमधील टेक्स्चर मागाहून नष्ट झाले तर त्याचा फायनलायझर (वस्तू नष्ट होताना चालणारे फंक्शन) मेलेल्या पॉइंटरवर काम करतो. टेक्स्चरने रेंडररला घट्ट धरून ठेवावे, आणि रेंडरर मुद्दाम बंद केला गेला तर त्याने आपल्या सर्व टेक्स्चरांवर “गेले” अशी खूण करावी. पायथन बंद होताना फायनलायझर कोणत्या क्रमाने येतील यावर विसंबू नये.

गाठोडे

वितरणाविषयी दोन गोष्टी. सीएफएफआयची एपीआय पद्धत पायथनचा मर्यादित एपीआय (आवृत्त्यांमध्ये स्थिर राहणारा भाग) वापरू शकते, त्यामुळे प्रत्येक पायथन आवृत्तीसाठी वेगळे व्हील (तयार पायथन पॅकेज) बांधावे लागत नाही. लिनक्सवर मेनीलिनक्सच्या (बहुतेक लिनक्सवर चालण्याच्या) नियमांत बांधून ऑडिटव्हील या साधनाने बाकीच्या लायब्ररी आत घ्या. विंडोजवर पायथन ३.८ पासून डीएलएल (विंडोजच्या लायब्ररी फाइली) शोधण्याची वाट बदलली आहे, फोल्डर स्पष्ट सांगावे लागते.

एफएफएमपेग सोबत देणार असाल तर बिल्डचे पर्याय नीट पाहा. मूळ परवाना एलजीपीएल आहे, पण एक्स२६४ या व्हिडिओ एन्कोडरसारखा भाग चालू केला की सगळी बिल्ड अधिक कडक जीपीएलखाली जाते. तसेच वापरणाऱ्याने एसडीएलवरच उभे असलेले पायगेमही आयात केले असेल तर एकाच प्रोसेसमध्ये एसडीएलच्या दोन प्रती येतात आणि प्रत्येकीची अंतर्गत स्थिती वेगळी असते. एकीने उघडलेल्या खिडकीचा पॉइंटर दुसरीला देऊ नये.

शून्यापासून

हेडरची साफसफाई आधी आणि बाइंडिंग नंतर, असा क्रम आता आम्ही ठरवला आहे. मालकीच्या नोंदीसाठी “देतो” (मालकी बोलावणाऱ्याकडे), “उसना” (मालकी लायब्ररीकडेच) आणि “घेतो” (मालकी लायब्ररी घेते) या तीन खुणा पुरतील असे दिसते. आवाजाचा कॉलबॅक स्क्रिप्टला द्यायचा नाही. एकच विचारायचे राहिले : आयुष्याविषयीचे हे दोष चाचण्यांमध्ये पकडायचे कसे? साधी चाचणी धावते आणि हिरवी दिसते, कारण वस्तू नष्ट होण्याची वेळच येत नाही.

चौकट

ती वेळ मुद्दाम आणावी. पायथनमध्ये प्रत्येक कॉलनंतर गार्बेज कलेक्शन सक्तीने करा आणि लुआमध्येही पूर्ण फेरी घडवा. चाचण्या अतिशय मंद होतील, पण कॉलबॅक कोणी धरून ठेवला नसल्याचा दोष लगेच वर येतो. लायब्ररी अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावून बांधा, म्हणजे मुक्त केलेल्या मेमरीला हात लागताच प्रोग्रॅम त्याच ओळीवर थांबेल. प्रत्येक “उसना” खूण असलेल्या फंक्शनसाठी एक चाचणी हेडरमधूनच तयार करता येईल : वस्तू मिळवा, तिच्या पालकाचे चल रिकामे करा, कलेक्शन करा, मग वस्तू वापरून पाहा. चाचणीच्या व्हिडिओंत १३६६ रुंदीचा एक ठेवा.